पंजाच्या माणसानं तुतारी शिकवायची म्हणजे

लोकसभेला आमच्याकडं पंजा नसतोच, हे बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. कराड दक्षिण म्हणजे जुनं काँग्रेसचं गणगोत, पण साताऱ्याचा खासदार १९९९ पासून २०२४ पर्यंत घड्याळाचा आणि २००४ पासून आघाडीत ती जागा कायम राष्ट्रवादीकडं, त्यामुळं विधानसभेला पंजा आणि लोकसभेला घड्याळ असा आमच्या लोकांना डबल अभ्यास. २०१९ ला तर कहरच. एप्रिलमधी घड्याळाला मतं मागितली ती उदयनराजेंसाठी, ऑक्टोबरला पोटनिवडणुकीत त्याच घड्याळाला मागितली ती भाजपात गेलेल्या उदयनराजेंच्या विरोधात, श्रीनिवास पाटलांसाठी, आणि त्याच दिवशी विधानसभा पण असल्यामुळं शेजारच्या मशीनवर पंजा. तरी लोकांनी बरोबर केलं बघा. पवारसाहेबांची ती साताऱ्यातली पावसातली सभा झाली आणि श्रीनिवास पाटील ८७ हजारांवर मतांनी आले. त्यावरून आमचा एक समज झाला की लोकांना चिन्ह शिकवायला लागत नाही, लोक हुशार आहेत. तो समज २०२४ ला महागात पडला, त्याचीच ही गोष्ट.

माझं कृषी सेवा केंद्र आहे, खतं बियाणं औषधं, कोयना काठचं गाव. काँग्रेसचं काम वडलांपासून. मी काय नेता नाही, बूथवरचा माणूस, यादी घेऊन फिरणारा, कोण मुंबईला गेलंय कोण वारलंय हे ज्याला पाठ असतं तसला.

वरची आघाडी झाली ती आम्ही सगळ्यांसारखी मोबाईलवरच बघितली. जून २०२३ ला पाटण्यात बैठक, जुलैला बंगळुरूत 'इंडिया' हे नाव, मग ३१ ऑगस्ट आणि १ सप्टेंबरला मुंबईत. मुंबईच्या ठरावात एक वाक्य होतं की लोकसभा शक्य तिथवर एकत्र लढायची. शक्य तिथवर! मी दुकानात मोठ्यानं वाचून दाखवलं तर युरिया न्यायला आलेला एकजण म्हणाला, हे तर आमच्या भावकीच्या वाटणीपत्रासारखं झालं, बांधापर्यंत शक्य तिथवर तुझं. हसलो सगळे. पण खाली गावात काय? काहीच नाही. सप्टेंबर गेला, दिवाळी गेली, राष्ट्रवादी फुटलेलीच होती, तिचं घड्याळ २०२४ च्या ६ फेब्रुवारीला निवडणूक आयोगानं अजितदादांच्या गटाला दिलं, त्याच महिन्यात शरद पवार गटाला 'तुतारी वाजवणारा माणूस' मिळालं, रायगडावर जाऊन त्याचं अनावरण झालं, आणि आमच्या तालुक्यात तोवर घटकपक्षांची एक बैठक झालेली नव्हती. जागावाटप जाहीर झालं ते पाडव्याला, ९ एप्रिलला. मतदान ७ मे. म्हणजे २८ दिवस. आमच्याकडं २८ दिवसात कोथिंबीर पण धड काढणीला येत नाही.

मधल्या काळात उमेदवार कोण यावरच सगळी चर्चा. श्रीनिवास पाटलांनी तब्येतीमुळं नको म्हटलं, मग आमचे तेव्हाचे आमदार पृथ्वीराज बाबा चव्हाणांचं नाव आलं, पण ते तुतारीवर लढणार का हा प्रश्न आला, शेवटी शशिकांत शिंदे ठरले. आमच्यातल्या काही लोकांचं तोंड बारीक झालं होतं हे खोटं कशाला सांगू.

पहिली समन्वय बैठक कराडला एका मंगल कार्यालयात. मी अशा बैठका कमी बघितल्यात असं नाही, पण ही बघण्यासारखी होती. नुसतं नमस्कार घालण्यातच पाच मिनिटं गेली, कारण एकजण म्हणणार जय हिंद, दुसरा जय महाराष्ट्र, तिसरा जय भीम, कोपऱ्यातून लाल सलाम, आणि सगळ्यांना सगळ्यांचं उत्तर द्यायचं असतं. काँग्रेस, पवार गट, ठाकरेंची सेना, कम्युनिस्ट, शेकापची दोन म्हातारी माणसं, आम आदमीची दोन तरुण पोरं, आंबेडकरी चळवळीतले काहीजण (वंचित वेगळी लढत होती, त्यामुळं त्यांच्यातच दोन तट पडलेले). मग बॅनर. बॅनरवर कुणाचा फोटो नाही, कुणाचा बारीक, कुणाचं नाव चौथ्या नंबरला. ज्यांच्याकडं बॅनर छापायचं काम होतं त्यांनी एका घटकपक्षाच्या नेत्याचा फोटोच विसरलेला, ते लोक उठून निघाले, त्यांना दारातनं परत आणलं, दीड तास त्यात गेला. त्या दीड तासात चिन्ह हा विषय कुणी काढला नाही. मी पण नाही, उगंच दुसऱ्यांवर कशाला ढकलू.

शेकापच्या एका आजोबांनी मात्र मला बाहेर चहाला नेऊन १९५७ सांगितलं. संयुक्त महाराष्ट्र समिती म्हणजे अशीच मोट होती म्हणाले, प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप, आंबेडकरांचा शेड्युल्ड कास्ट फेडरेशन, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं, पण त्या मोटेतून उत्तर साताऱ्यातनं क्रांतिसिंह नाना पाटील लोकसभेत गेले आणि इथं कराडात यशवंतराव चव्हाणांचा जीव पण टांगणीला लागला होता, थोडक्यात वाचले. मी विचारलं, मग तेव्हा कसं जमलं. तर म्हणाले, तेव्हा मुंबई पाहिजे होती, हे शेंबड्या पोराला पण माहिती होतं. तुमच्याला काय पाहिजे ते एका शब्दात सांग बघू. मला सांगता आलं नाही. संविधान म्हणालो, तर मान हलवली त्यांनी, बरोबर आहे म्हणाले, पण ते घरात घुसलं पाहिजे मुंबईसारखं.

पत्रकाचं पण तेच. पत्रक लिहायला चौघं बसलो, मी, सेनेचा शाखाप्रमुख, कॉम्रेड आणि पवार गटाचे तात्या. कॉम्रेडला 'धर्मनिरपेक्ष' शब्द पाहिजेच. शाखाप्रमुख म्हणतोय, अरे तो शब्द वाचला की लोक पत्रक पुड्या बांधायला घेतील, शिव-शाहू-फुले-आंबेडकर लिही की, त्यात सगळं आलं. कॉम्रेड म्हणतोय, त्यात सगळं येतं म्हणूनच समोरचे पण तेच लिहितात. आता गंमत बघा, हा शाखाप्रमुख २०१९ च्या एप्रिलला युतीच्या उमेदवाराचा धनुष्यबाण घेऊन आमच्याविरुद्ध फिरत होता, गावात आमची हातघाईची वेळ आलेली, आणि आज तो माझ्या मांडीला मांडी लावून धर्मनिरपेक्षतेला पर्यायी शब्द शोधतोय. शेवटी तात्यांनी तोडगा काढला, वरती संविधान, खाली कांदा आणि सोयाबीनचा भाव. तेच चाललं खरं तर. कांद्याची निर्यातबंदी डिसेंबरपासून होती आणि मतदानाच्या तीन दिवस आधी, ४ मेला उठवली, त्यावर माझ्या दुकानात जेवढं बोललं गेलं तेवढं संविधानावर नाही बोललं गेलं. धर्मनिरपेक्ष शब्द मागच्या पानावर शेवटून दुसऱ्या ओळीत गेला. कॉम्रेडनं तेवढ्यावर सही केली.

आणखी एक अडचण होती, गादीची. समोर उदयनराजे म्हणजे छत्रपतींची गादी. आम्ही दारोदार जाऊन सांगायचो, मान गादीला आहेच, पण हे मत लोकसभेचं आहे. आणि त्याच वेळी शेजारी कोल्हापुरात आमच्याच आघाडीचे उमेदवार शाहू महाराज, तिकडं आमचेच लोक गादीचा मान राखा म्हणून मतं मागतायत! एका घरात म्हातारबुवांनी बरोबर पकडलं, माझी लेक कागलला दिली, ती म्हणती गादीला द्या, तू म्हणतोस गादीला नको, तुमचं एकदा ठरवून या. काय बोलणार. शाखाप्रमुख म्हणाला, आबा, घाटाच्या अल्याड पल्याड हवा वेगळी असती. चहा मिळाला, मताचं माहीत नाही.

आता चिन्हाकडं येतो. तुतारी. आमच्याकडं तुतारी कुणाला माहीत नाही असं नाही, लग्नात नवरदेव मंडपाच्या दारात आला की तुतारीवाला उभा राहतो, फेटा बांधलेला, वाकडी लांब तुतारी वर करून. चिन्ह तेच होतं, तुतारी वाजवणारा माणूस. पण प्रचारात बोलायला सोपं म्हणून सगळे म्हणणार 'तुतारी'. रिक्षावर भोंगा तुतारी, टोपीवर तुतारी, घोषणा तुतारी, आम्ही सभेला खरे तुतारीवाले आणायचो. माणूस हा शब्द कुणी उच्चारला नाही. मी स्वतः घरोघर जाऊन, आजी घड्याळ गेलं, पंजा नाही, आता तुतारी, असं तीनशे वेळा तरी म्हटलं असेल, माझ्या दुकानातल्या पोरानं त्याची नक्कल करायला सुरुवात केली होती.

अर्ज माघारीनंतर उमेदवारांची यादी चिन्हांसकट आली तेव्हा तात्यांनी मला फोन केला. आवाजच वेगळा होता. म्हणाले, खाली अपक्षांच्यात बघ. बघितलं तर एका अपक्षाला ट्रम्पेट, म्हणजे जत्रेत पोरं फुंकतात तसली सरळ पिपाणी, आणि यादीत मराठीत त्याच्यापुढं चिन्हाचं नाव छापलेलं 'तुतारी'. नुसतं तुतारी. आणि आमचं 'तुतारी वाजवणारा माणूस'. हे फक्त साताऱ्यात नव्हतं, इतर मतदारसंघात पण अपक्षांना तेच चिन्ह गेलेलं, पक्षानं आयोगाकडं वर तक्रार पण केली. पण ते वरचं वर. खाली आमच्याकडं उरलेले दिवस दहा-बारा आणि पोरांच्या तोंडात घट्ट बसलेला शब्द तुतारी. मी ग्रुपवर लिहिलं की आजपासून फक्त 'फेटेवाला माणूस' म्हणा, फोटो बघा म्हणून सांगा. चौदा अंगठे आले. दुसऱ्या दिवशी रिक्षा गेली दुकानासमोरनं, तुतारीला मत द्या तुतारीला मत द्या करत, कारण रेकॉर्डिंग आधीचं होतं आणि ते बदलायचं कुणाकडं होतं हेच कुणाला माहीत नव्हतं. आघाडीत हे फार होतं. काम सगळ्यांचं असलं की ते कुणाचंच नसतं, आणि विचारायला जावं तर त्या पक्षाला वाटतं हे आपल्याला शिकवायला आले.

आम आदमीच्या त्या दोन पोरांनी मात्र एक चांगलं केलं, पुठ्ठ्याचं डमी मशीन बनवलं, दोन्ही चित्रं चिकटवून. ते घेऊन आम्ही वरच्या आळीत आणि बौद्धवस्तीत दोन संध्याकाळी फिरलो. पन्नास-साठ घरं झाली असतील. बाकीची दोनशे राहिली, कारण मोठ्या सभेला माणसं न्यायचा निरोप आला, टेम्पो ठरवा, टोप्या वाटा. मला आज कुणी विचारलं की त्या २८ दिवसात काय बदलशील, तर ती सभा सोडीन आणि पुठ्ठा घेऊन फिरीन.

मतदानाच्या दिवशी मी आत पोलिंग एजंट. फॉर्म १० वर, म्हणजे एजंटाच्या नेमणुकीच्या कागदावर, उमेदवाराच्या बाजूची सही, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा मी कागदोपत्री पंजा सोडून तुतारीचा माणूस. साडेपाचला मॉक पोल. निदान ५० मतं टाकून बघायची असतात, सगळी बटणं दाबून, मग चिठ्ठ्या मोजून जुळवायच्या आणि मशीन शून्य करायचं. मी पिपाणीचं पण बटण दाबलं, दाबावंच लागतं. व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते. तिथं मला खरं कळलं. पिपाणी चांगली ठळक, लांबून ओळखू येणारी, आणि आमचा माणूस एवढासा, बारीक रेघांचा, तुतारी कुठली हात कुठला हे चष्मा लावून बघायला लागावं असा. शेजारी कमळाचा एजंट म्हणून माझा चुलतभाऊच बसलेला. त्यानं पण बघितलं. काही बोलला नाही, पण हसला नाही हे पण सांगायला पाहिजे.

दिवसभर ऊन म्हणजे ऊन. सात ते सहा. बाहेर २०० मीटरवर आमचं टेबल, नियमानं एक टेबल दोन खुर्च्या, तिथं शाखाप्रमुख आणि कॉम्रेड यादीतनं नंबर काढून चिठ्ठ्या लिहून देत होते. दुपारी भावानं डबा उघडला, मटकीची उसळ, निम्मी मला दिली. आत बसून आपल्याला काय कळत नाही, बोटाला शाई, बीप, पुढचा. बीप वाजला की मनात म्हणायचो फेटेवाला, फेटेवाला. संध्याकाळी मशीन बंद, सील, एकूण मतांचा १७सी फॉर्म सही करून घेतला, बाहेर आलो तर कॉम्रेड टेबलावरच झोपलेला आणि शाखाप्रमुख त्याच्यावर पत्रकानं वारा घालत होता.

रात्री घरी आलो. नानी, म्हणजे माझी थोरली चुलती, पंच्याहत्तरीची, पडवीत बसलेली. सकाळी आठलाच जाऊन मत टाकून आलेली, आमच्या घरचं पहिलं मत. म्हटलं, नानी, जमलं का?

"न जमायला काय झालं? तुतारीलाच दिलं की."

मग मला राहवलं नाही, विचारलं की कसली होती, माणूस होता का त्यात.

"एकात मानूस व्हता बारका. पर तू तुतारी म्हनलावतास. म्हटलं मानसाला कशाला द्यायचं, ही नुसती तुतारी हाय की खाली. तीच दाबली. काचंत पन तीच दिसली, बरोबर."

मी बरोबर म्हटलं. काय म्हणणार दुसरं? तिच्या बाजूनं शंभर टक्के बरोबरच होतं. मी शिकवलं तेच तिनं केलं. बायकोनं माझ्याकडं बघितलं आणि ताट वाढायला आत गेली. पुठ्ठ्याचं मशीन मी वरच्या आळीत नेलं, बौद्धवस्तीत नेलं, स्वतःच्या घरात दाखवलं नाही.

मग ७ मे ते ४ जून, चार आठवडे नुसतं बसणं. हे दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं काही नाही, खताचा सीझन होता तेवढं बरं.

मतमोजणीला माझं नाव टेबल एजंट म्हणून गेलं होतं, कारण आकडे मांडायची सवय आहे म्हणे. मोबाईल आत चालत नाही, कागद आणि पेन फक्त. जाळीच्या अलीकडं आम्ही, पलीकडं कर्मचारी, एका विधानसभेची चौदा टेबलं, एका फेरीत चौदा बूथ. आधी १७सी मधला आकडा आणि मशीनवरचा आकडा जुळतोय का बघायचं, मग रिझल्टचं बटण दाबतात, स्क्रीनवर उमेदवारांचे आकडे एकामागं एक येतात आणि ते भराभर लिहून घ्यायचे. आम्हाला सांगितलेलं की दोनच आकडे लिहा, आपला आणि कमळाचा, बाकीच्यात वेळ घालवू नका. पण मी उधारीची वही लिहिणारा माणूस, मला रकाना मोकळा ठेवता येत नाही. मी तिसरा रकाना आखला, वर लिहिलं पि.

सकाळी आम्ही पुढं होतो. बाहेरून घोषणांचा आवाज यायचा. आपली लोकं जाळीपाशी येऊन अंगठा दाखवायची. आणि माझा तिसरा रकाना काही केल्या रिकामा राहीना. एखाद्या बूथवर किरकोळ, पण बहुतेक ठिकाणी दोन आकडी, आणि जिथं आमची मतं जास्त तिथंच पिपाणीची पण जास्त. कमळाच्या गावात पिपाणी नाही, तुतारीच्या गावात पिपाणी. ज्यानं कुणी भाताच्या रोपात उगवलेलं तण बघितलंय त्याला हे कळेल, रोपासारखंच दिसतं आणि रोपाच्याच ओळीत येतं. आमच्या गावचा बूथ आला तेव्हा पण दोन आकडी. त्यातलं एक कुणाचं ते मला माहीत होतं.

दुपारनंतर चित्र पालटलं. शाखाप्रमुखाला आतनं निरोप द्यायची सोय नव्हती, मी लघवीला बाहेर आलो तेव्हा त्याला कागद दाखवला. त्यानं तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, हे काय. मी सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, बेरीज करू नकोस.

शेवटचा आकडा सगळ्यांना माहीत आहे. उदयनराजे ३२,७७१ मतांनी आले. पिपाणीवाल्या अपक्षाला ३७,०६२. वजाबाकी केली तर ४,२९१ चा फरक येतो, आणि त्या दिवसापासून आमच्या लोकांनी ती वजाबाकी इतक्या वेळा केली की जणू खासदार आमचाच आहे, फक्त कागद चुकलाय. मी इथं जरा वेगळं बोलतो म्हणून माझ्यावर काहीजण नाराज आहेत. ती सगळी ३७ हजार मतं आपली होती असं म्हणायला आधार काय? अपक्षाला पडणारी थोडी मतं कुठल्याही चिन्हावर पडतातच. शिवाय आपली लीड जिथं मिळायला पाहिजे होती तिथं मिळाली नाही, सातारा शहरात आपण कमी पडलो, हे पिपाणीमुळं झालं का? पण ती मतं नव्हतीच असं पण म्हणता येत नाही, माझ्या घरातलं एक तर मला नावानिशी माहीत आहे. आणि आयोगानं मराठीत दोन्हींपुढं तुतारी हा शब्द येऊ दिला हे चूकच, विधानसभेला आमच्या माणसाचं चित्र मोठं करून द्यायला ते तयार झाले म्हणजे चित्र लहान होतं हे तर मान्यच झालं. एवढं सगळं धरून सुद्धा मला वाटतं की दहा महिने आघाडीचं नाव काय, निमंत्रक कोण, फोटो कुणाचा यात गेले, आणि एका म्हातारीला दोन चित्रातला फरक दाखवायला २८ दिवसातली दोन मिनिटं निघाली नाहीत.

आणि विचित्र म्हणजे त्या दिवशी रडायची पण सोय नव्हती. राज्यात ४८ पैकी ३० आघाडीला, काँग्रेसला १३, पवार गटानं १० लढवून ८ आणल्या, पडल्या त्या दोनच, रावेर आणि आमचा सातारा. देशात भाजप २४० वर अडकलेला. टीव्हीवर आमचेच लोक गुलाल उधळतायत आणि आम्ही कराडच्या स्टँडवर तिघं उसाचा रस पीत उभे. शेजारी सांगलीत तर वेगळंच नाटक, तिथं आघाडीची जागा सेनेला गेली, काँग्रेसचे विशाल पाटील बंड करून अपक्ष लिफाफ्यावर लढून लाखभर मतांनी निवडून आले आणि आघाडीच्या मशालीचं डिपॉझिट गेलं. शाखाप्रमुख म्हणाला, बघ, तिकडं तुमच्या लोकांनी आमची मशाल विझवली, आणि इकडं मी तुझ्यासाठी तुतारी फुंकत बसलो. मला उत्तर सुचलं नाही. तिथं मी असतो तर काय केलं असतं हे मी स्वतःला बरेचदा विचारलंय, आणि खरं सांगतो, लिफाफाच दाबला असता बहुतेक. आघाडी धर्म म्हणतात तो इथं पाळायला सोपा होता, कारण इथं आमचं काही जात नव्हतं.

विधानसभेला पंजा परत आला, तेव्हा शाखाप्रमुख आणि तात्या दोघंही माझ्या टेबलावर येऊन बसले, न बोलवता. नानीला मी यावेळी पुठ्ठा घेऊन बसवलं, ती चिडली, म्हणाली पंजा मला शिकवतोस व्हय रं, तुझ्या जन्माआधीपासनं देतीय. निकाल काय लागला ते सांगायलाच नको, जिल्ह्यातल्या आठच्या आठ जागा महायुतीला. त्यात पिपाणी नाही की काही नाही, सरळ हरलो.

राहिलं ते बिल. लोकसभेला बाहेरच्या टेबलाचा चहा, वडापाव, पाण्याचे जार आणि ताडपत्रीचं भाडं, सगळं चौकातल्या हॉटेलवाल्यानं पुरवलेलं, पैसे वरून येणार होते. ज्यांच्याकडून येणार होते ते म्हणाले दुसऱ्या पक्षाकडं दिलेत, दुसरे म्हणाले आमच्याकडं आलेच नाहीत. डिसेंबरमधी हॉटेलवाल्यानं शेवटी मला दुकानात येऊन विचारलं. आम्ही गेलो संध्याकाळी. जारचे सोडून निम्मे मी दिले, निम्मे शाखाप्रमुखानं, तात्या जारचे देणार म्हणाले आणि दिले पण, कॉम्रेडनं खिशातनं शंभराच्या दोन नोटा काढून ठेवल्या आणि म्हणाला ही वर्गणी. हॉटेलवाल्यानं वही काढली. आमचं खातं त्यानं 'तुतारी' नावानं लावलेलं होतं, नुसतं तुतारी. त्यावर त्यानं आडवी रेघ मारली, पेन कानावर अडकवला आणि विचारलं, चहा सांगू का, पण आता रोखीनं.